रद्दीच्या गठ्ठ्यावरून खाली

आमच्याकडे रंगीत टीव्ही आला त्या दिवाळीत मी पडले. माळ्यावरची पितळेची भांडी घासायला काढायची होती. घरात मुलगा होता, सून होती, नवरा होता, पण यातल्या कुणालाही हाक मारली असती तर त्यांनी "नंतर काढू" असं म्हटलं असतं, आणि नंतर हा शब्द मला लहानपणापासून खपत नाही. मी पलंगावर स्टूल ठेवलं आणि चढले. परात हातात आली, स्टूल गादीत रुतलं आणि मी परातीसकट खाली आले. परातीला साधा पोचा आला नाही. माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी मात्र तडकली.

एकसष्ट वर्षांच्या बाईने असं चढू नये, हे मला सगळ्यांनी सांगितलं. पडल्यानंतर सांगितलं.

सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. ते निघालं तेव्हा मला वाटलं, सुटले. पण गुडघा लाकूड झाला होता. खुर्चीवर बसल्यावर जेवढा वाकतो तेवढा वाकायचा, त्यापुढे एक सूतभरही नाही. घाटकोपरच्या हाडांच्या डॉक्टरांनी तो दाबून पाहिला, उताणं झोपून करायचे दोन व्यायाम दाखवले आणि माझ्याकडे न बघता मुलाला म्हणाले, "खुर्चीवर बसता येतंय ना? पुष्कळ झालं. आजींना आता जमिनीवर बसायचं विसरायला सांगा."

मला तोवर एकही नातवंड नव्हतं. आजी कुणाची, हे विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण मुलाने फी दिली आणि आम्ही बाहेर पडलो.

जमिनीवर बसायचं विसरा म्हणे. मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत तीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. त्या वर्गांना बाकं नव्हती, बस्करपट्ट्या होत्या. दिवसातून पन्नास वेळा मी "खाली बसा" म्हणायची आणि मुलांबरोबर स्वतःही फतकल मारून बसायची. घरी आल्यावर भाजी चिरायची ती विळीवर, एक गुडघा वर घेऊन. तांदूळ निवडायचे ते सूप पुढ्यात घेऊन. देवपूजा, जेवण, शेंगा फोडणं, पत्ते, शेजारणीशी गप्पा, यातलं काय मी खुर्चीवर बसून केलं होतं? माझं अर्धं आयुष्य जमिनीपासून वीतभर उंचीवर गेलं होतं आणि आता ते सगळंच्या सगळं मला वर्ज्य झालं.

मुलगा गुणी आहे, आणि गुणी मुलांचा त्रास वेगळाच असतो. त्याने आठवड्याभरात हात असलेली खुर्ची आणली, देवासाठी उंच टेबल आणलं, संडासात ठेवायला भोकाची खुर्ची आणली. मी चोरून प्रयत्न करीन म्हणून माझी विळी उचलून माळ्यावर टाकली, आणि मला त्या माळ्याकडे मान वर करून बघायचीही बंदी केली. सून ओट्यापाशी उभी राहून सुरीने कोबी चिरायची. ती मन लावून चिरायची, पण त्या कोबीचे तुकडे बोटाएवढे पडायचे. विळीवर मी कोबी चिरला की तो केसासारखा पडायचा.

रविवारी संध्याकाळी सिनेमा बघायला अख्खा मजला आमच्याकडे जमायचा. सगळे सतरंजीवर दाटीवाटीने बसायचे, एकमेकांच्या मांडीवर वाट्या ठेवून चिवडा खायचे, आणि मी मागे माझ्या खुर्चीत. समोर फक्त डोक्यांच्या भांगांच्या रेघा दिसायच्या. कुणी काही विनोद केला की हशा खालच्या खाली फिरायचा. माझ्यापर्यंत यायचा तोवर संपलेला असायचा.

खरी तिडीक डोक्यात गेली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एक मालवणी शेजारीण राहायची. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आवाज मात्र माझ्याहून दहा पट मोठा. तिच्याकडे हळदीकुंकू होतं. मी शिक्षिका म्हणून सगळी बिल्डिंग मला "बाई" म्हणायची. मी आत गेल्याबरोबर शेजारणीने गडबडीने खुर्ची ओढली, भिंतीशी मधोमध ठेवली आणि मला तिच्यावर बसवलं. बाकीच्या तीसेक बायका खाली बसल्या. मग एकीने आत येता येता मला वाकून नमस्कार केला. तिचं बघून दुसरीने केला. नंतर रांगच लागली. ज्या बायकांशी मी आदल्या वर्षी फुगडी घातली होती, त्या पदर सावरून माझ्या पाया पडत होत्या. एक नवी नवरी माझ्या मांडीवर तिळगूळ ठेवून म्हणाली, "आशीर्वाद द्या, आजी."

मी दिला. देताना दातओठ खात होते, हे तिला कळलं नसावं.

घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "मला भिंतीवर टांगा आता. वर हार घाला."

हे म्हणजे माझे यजमान. पोस्टातून निवृत्त झालेले. हे वर्तमानपत्र वाचत होते. म्हणाले, "हळू बोल, शेवटचं पान राहिलंय."

ह्यांच्या वर्तमानपत्राविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच घडलं. पोस्टात सदतीस वर्षं टपालाची वर्गवारी केल्यामुळे ह्यांना कुठलाही कागद आपल्या खणात लागतो. घरी येणारा प्रत्येक अंक वाचून झाला की अर्ध्यात दुमडायचा, कडा जुळवायच्या आणि आतल्या खोलीत कपाटाच्या बाजूला तारखेनुसार रचायचा. मधला एखादा अंक वरखाली झाला तर ह्यांना जेवण जात नसे. गठ्ठा गुडघ्याच्या जरा खाली आला की तो बंद आणि शेजारी दुसरा सुरू. आधीचा गठ्ठा दिवाळीपर्यंत थांबायचा आणि मग रद्दीवाल्याकडे जायचा. त्या वर्षी पंधरा ऑगस्टनंतर सुरू झालेला गठ्ठा जानेवारीअखेर बंद झाला होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि मला कल्पना सुचली.

रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा-सून ऑफिसात आणि हे बाहेरच्या खोलीत वामकुक्षीत, असा मुहूर्त साधून मी त्या गठ्ठ्यावर देवापुढचा पाट ठेवला. पाठीशी भिंत, एका हाताला कपाट. हळूहळू टेकले. चौरंगापेक्षा जरा उंच अशी ती बैठक झाली. उजवा पाय आपल्याकडे ओढून घेतला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, पण ओढला. बेपासून तीसपर्यंतचे पाढे म्हणेपर्यंत पाय सोडायचा नाही असं ठरवलं. सतराच्या पाढ्याला कळा आल्या, एकोणतीसला तर मी देवाचं नाव मधेच घुसडलं. उठताना कपाट धरून उठले. आणि मग पाटाखालचा सगळ्यात वरचा अंक काढून पलंगाखालच्या ट्रंकेवर ठेवून दिला.

हिशेब सोपा होता. रोज एक अंक काढायचा. एका अंकाची जाडी ती किती? गुडघ्याला कळायचंसुद्धा नाही आणि गठ्ठा संपेल त्या दिवशी मी जमिनीवर असेन. गणपतीत पाचव्या दिवशी आमच्या सोसायटीची पंगत असायची. त्या पंगतीत मी खाली मांडी घालून बसणार, असं मी स्वतःला बजावलं. कुणाला सांगितलं नाही. मुलगा ओरडला असता, सून घाबरली असती, आणि जमलं नसतं तर माझं हसं झालं असतं.

महिना झाला, दीड महिना झाला. गुडघ्याची कुरबुर कमी होत चालली. पाढे म्हणताना आता देव आठवेनासा झाला. एवढं खाली येऊनही दुखत नाही म्हटल्यावर मला माझंच कौतुक वाटायला लागलं. मला राहवेना, शेवटी शेजारणीला विश्वासात घेतलं. "चांगली चार बोटं खाली आलेय," मी सांगितलं. तिने डोळे विस्फारले. "बाईनू, तुमी म्हणजे कमालच," म्हणाली.

पाडव्याच्या चार दिवस आधी मी कैरीचं तक्कू, म्हणजे किसाचं लोणचं, घातलं. हात हळदीने पिवळेधमक झालेले. ते नीट धुवायच्या आत दुपारचे दोन वाजले आणि हे घोरायला लागले, म्हणून मी तशीच जाऊन पाट उचलला. अंक काढताना त्याच्यावर माझी पाचही बोटं उमटली. ट्रंकेवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पाट ठेवायला गेले तर गठ्ठ्यावर तीच पाच बोटं.

मी चष्मा लावला. तारीख बघितली. जानेवारीचा शेवटचा दिवस. त्याच्या खालचा अंक आदल्या दिवसाचा, त्याच्या खालचा त्याच्या आदल्या. म्हणजे गठ्ठ्यातला एकही अंक हलला नव्हता. ट्रंक रोज रिकामी दिसायची ती सून अंक उचलून ठेवते म्हणून, असं मी धरून चालले होते. दीड महिना मी रोज दुपारी तोच अंक काढत होते आणि रोज त्याच उंचीवर बसून खाली उतरल्याचा आनंद मानत होते.

मी बाहेर जाऊन ह्यांना हलवून उठवलं. "तो अंक कोण ठेवतं परत?"

हे उठून बसले. "मग? ट्रंकेवर पडलेला असतो रोज. मी सकाळी उचलून जागेवर लावतो. सूनबाई नेत असेल पाककृती बघायला. तिला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही मी इतके दिवस."

"सूनबाई नाही नेत. मी काढते."

"तू? तू रोज एकच अंक वाचतेस?"

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. हळदीकुंकवापासून भोकाच्या खुर्चीपर्यंत सगळं बाहेर आलं. शेवटी मी रडले, आणि ते गुडघ्याच्या दुखण्याने नव्हतं. दीड महिना फुकट गेला होता आणि गणपती तेवढेच जवळ आले होते. मला खात्री होती की आता हेही म्हणणार, या वयात कशाला असले उद्योग.

ह्यांनी चष्मा लावला. मग उठून आतल्या खोलीत गेले, वाकून गठ्ठ्याच्या बाजूवरून बोट फिरवत अंक मोजले आणि कॅलेंडर बघून आले. "रोज एक काढला तर जेमतेम होतंय," म्हणाले. "मधे खाडा चालणार नाही. पाडव्यापासून सुरू करू. आणि काढलेला अंक तू कुठेही टाकायचा नाहीस, मी लावीन."

पाडव्याला गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला आणि हळदीचा अंक ह्यांनी स्वतःच्या हाताने काढला. दुपारची वामकुक्षी बंद झाली. हे माझ्यासमोर स्टुलावर बसायचे, मी पाढे म्हणायची. एकोणिसाचा पाढा मी चुकतेय असं ह्यांना वाटायचं आणि आमचं भांडण व्हायचं, त्या भांडणात तो पाढा दोनदा म्हटला जायचा. झालं की मी उठायची आणि हे पाटाखालून अंक काढून तारीख पुकारायचे, पोस्टात पत्र पुकारावं तसे. "सव्वीस जानेवारी गेला." "संक्रांत गेली." काढलेले अंक दुसऱ्या कोपऱ्यात लागायचे. ते उलट्या क्रमाने लागतात म्हणून ह्यांच्या जिवाला घोर होता, पण माझ्याकरता ह्यांनी तेवढं सोसलं.

मे महिन्यात मला हाव सुटली. मुलगा-सून चार दिवस सांताक्रूझला तिच्या माहेरी गेले होते. हे बँकेत गेले होते. गुडघा मऊ वाटत होता. मी एकदम सात अंक काढले, एक अख्खा आठवडा, आणि बसले. बसले ती बसलेच. उठताना गुडघ्यात काहीतरी कचकन झालं. संध्याकाळी तो नारळाएवढा सुजला.

मग जे व्हायचं ते झालं. मुलगा परत आला, त्याला सगळं कळलं. तो माझ्यावर ओरडला नाही, वडलांवर ओरडला. "तुम्ही तरी अडवायचं ना, बाबा? आधीच एकदा मोडून झालंय. आता हिची वाट लागली तर उचलणार कोण?" हे मान खाली घालून उभे होते. चूक माझी होती, सात अंक मी काढले होते, आणि बोलणी हे खात होते. मला ते सहन झालं नाही. "त्यांचा काही संबंध नाही," मी म्हटलं. "आणि मला उचलायची वेळ येऊ नये म्हणूनच चाललंय हे."

तो मला रिक्षात घालून पुन्हा घाटकोपरला घेऊन गेला. डॉक्टरांनी सूज बघितली, मग टाच धरून पाय दुमडायला लागले. दुमडता दुमडता त्यांचा हात थांबला. माझा जुना कागद काढून वाचला. परत दुमडला.

"हा तर बराच वाकतोय. कुठे जाता व्यायामाला?"

"रद्दीवर," मी म्हटलं.

त्यांना सगळं सांगावं लागलं. पाट, पाढे, हळदीचा अंक, सगळं. डॉक्टर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "तो दीड महिना फुकट गेला असं समजू नका. एका उंचीवर गुडघा नीट रुळला म्हणून पुढचं जमलं. सूज उतरेपर्यंत दहा दिवस थांबा. नंतर रोज एकच अंक. सात नाही."

"म्हणजे जमिनीवर बसू शकेन?"

"मी नको म्हणालो होतो," ते म्हणाले, "पण तुम्ही ऐकणाऱ्यातल्या दिसत नाही. बसा."

परतीच्या वाटेवर रिक्षा भांडुपच्या सिग्नलला थांबली होती तेव्हा मुलगा म्हणाला, "आई, मला सांगितलं असतंस तर मी काही नाही म्हटलं नसतं." त्याने नाहीच म्हटलं असतं, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. पण घरी आल्यावर त्याने शिडी लावली, माळ्यावरून माझी विळी उतरवली, तिचं पातं तेलाने पुसलं आणि आतल्या खोलीत गठ्ठ्याच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवली. मी नुसती विळीकडे बघत बसले.

दहा दिवसांनी मी पुन्हा सुरुवात केली. ते सात अंक ह्यांनी आधी तारखेप्रमाणे परत रचले होते. जून गेला. जुलैत एक दिवस पाढे संपले, मी उठले, ह्यांनी अंक काढला आणि तारीख पुकारलीच नाही. हातात धरून उभे राहिले.

"काय झालं?"

"तू पडलीस तो दिवस," हे म्हणाले.

मी अंक हातात घेतला. पहिल्या पानावर दिवाळीच्या फराळाच्या आणि फ्रिजच्या जाहिराती होत्या. तो अंक ह्यांनी त्या दिवशी वाचला नव्हता, घडीही मोडलेली नव्हती. मला दवाखान्यात नेण्याच्या धावपळीत तो तसाच गठ्ठ्यावर गेला होता. आता ह्यांनी तो काढून कोपऱ्यात लावला. दुसऱ्या दिवशी मी पाटावर बसले तेव्हा माझ्याखाली सगळे पडण्याच्या आधीचे दिवस होते. ह्याला काही अर्थ नाही, कागद तो कागद. पण मला त्या दिवसापासून भीती वाटेनाशी झाली, एवढं खरं. श्रावणात मी पाटावर बसून विळी पुढ्यात घेतली आणि अळूवडीच्या पानांच्या शिरा काढल्या. कोबीही चिरला. सून शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आई, मला पण शिकवा ना." तिला म्हटलं, आधी खाली नीट बस.

त्या दहा दिवसांच्या खाड्याने ह्यांचं गणित चुकलं होतं. पंगतीच्या दिवशी सकाळी गठ्ठ्यात आठ अंक उरले. आठ अंक आणि पाट. ह्यांचा जीव वरखाली होत होता. "एकदम आठ म्हणजे सातापेक्षा एक जास्त," हे परत परत सांगत होते. मी कानावर घेतलं नाही.

कंपाउंडमध्ये मंडप होता. दोन लांब ओळी, खाली ताडपत्री आणि वर सतरंज्या, पुढे केळीची पानं. बाजूला भिंतीशी एक टेबल आणि सहा खुर्च्या मांडल्या होत्या, सेक्रेटरींनी मुद्दाम वृद्ध मंडळींसाठी. मला बघून ते लगबगीने पुढे आले. "या बाई, तुमची सोय इकडे केलीय." मी त्यांना नमस्कार केला आणि बायकांच्या ओळीत जाऊन शेजारणीच्या बाजूच्या रिकाम्या पानासमोर उभी राहिले.

"बाईनू, खाली बसाक जमात?" तिने हळूच विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू बोलली असावी.

मी वाकले. डावा हात सतरंजीवर टेकला, डावा गुडघा टेकला, मग उजवा. बूड जमिनीला लागलं. पाय आत घेतला, आणि मांडी बसली. पूर्ण. दोन्ही गुडघे खाली. सतरंजीखाली फरशीचा उंचसखलपणा लागत होता आणि त्याच्याइतकं सुख मला कुठल्याही गादीने दिलेलं नाही.

तेवढ्यात समोरून हे येताना दिसले. एका काखेत देवापुढचा पाट आणि दुसऱ्या काखेत वर्तमानपत्रं. आठच्या आठ. ओळीत शिरून माझ्याजवळ आले आणि थबकले. मी खाली होते. ह्यांना ते पाट आणि अंक कुठे ठेवावेत ते कळेना. एव्हाना मीठ, लिंबू, चटणी वाढून झालं होतं, मुलं भाताच्या मुदी टाकत येत होती, आणि मागे फिरायला वाट उरली नव्हती. शेजारीण सरकली. "बसा हयच, भाऊनू. पान रिकामा आसा." आणि हे बसले. बायकांच्या अख्ख्या ओळीत एकटे, शेजारी पाट आणि रद्दी घेऊन.

मी त्या दिवशी चार जिलब्या खाल्ल्या. मसालेभात दोनदा घेतला. वाढणाऱ्यांना माझ्या पानाशी वाकावं लागत होतं तसंच सगळ्यांच्या पानाशी वाकावं लागत होतं. कुणी माझ्या पाया पडायला आलं नाही. पलीकडची नवी नवरी, तीच तिळगूळवाली, माझ्या कानात कुणाची तरी चुगली करत होती, आणि हशा आला तो पहिल्यांदा माझ्याकडे आला.

पण बसण्यात निम्मंच काम होतं. पंगत एकदम उठते आणि उठताना उजवा हात खरकटा असतो. तो कुठे टेकायची सोय नसते. आमच्या खोलीत मला कपाट होतं, इथे पुढे केळीचं पान आणि मागे मोकळं. ओळ उठायला लागली. सेक्रेटरी टेबलापाशी उभे राहून बघत होते. मुलगा वरणाची बादली खाली ठेवून दोन पावलं पुढे आला. मी त्याला मानेनेच नको म्हटलं. डावा हात मांडीवर ठेवला, उजवं पाऊल पुढे रोवलं आणि मनात म्हटलं, एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न म्हणेपर्यंत मी उभी होते.

शेजारणीने तिच्या नेहमीच्या आवाजात काहीतरी म्हटलं आणि अख्ख्या मंडपाने माझ्याकडे वळून पाहिलं. मला लाज वाटायला हवी होती. अजिबात वाटली नाही. मी ताठ उभी राहून सगळ्यांना बघू दिलं.

मग माझ्या लक्षात आलं की हे उठलेले नाहीत.

हे खालीच होते. डावा हात सतरंजीवर दाबून जोर लावत होते, परत बसत होते. घरी हे आरामखुर्चीत बसायचे, जेवायला टेबल आलं होतं, माझ्या सरावाला समोर स्टूल. जमिनीवर हे शेवटचे कधी बसले होते, ते मला आठवेना. ह्यांनाही आठवलं नसावं. गेले सहा महिने माझा एकेक दिवस मोजताना ह्यांच्या गुडघ्यांकडे आमच्या दोघांचंही लक्ष नव्हतं. माझ्याकडे वर बघून हे ओशाळं हसले.

दहा-अकरा महिने जो तो मला हात द्यायचा. रिक्षातून उतरताना, पायरी चढताना, खुर्चीतून उठताना. मी माझा डावा हात, स्वच्छ होता तो, खाली केला. "द्या हात," म्हटलं. ह्यांनी धरला. मी पाय रोवून ओढलं आणि हे उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाढ्यांच्या वेळेला मी आतल्या खोलीत गेले तर पाट नव्या गठ्ठ्यावर गेला होता, फेब्रुवारीत सुरू झालेला तो, माझ्या सरावाच्या नादात बंद करायचा राहून गुडघ्याच्याही वर गेलेला. हे त्याच्यावर कपाट धरून बसले होते आणि सतराच्या पाढ्याशी झगडत होते. मी समोर स्टूल घेतलं. एकोणिसाला हे चुकले, तो पाढा मी म्हणून दाखवला. तीस दाही तीनशे झाल्यावर हे कपाट धरून उठले, मी पाटाखाली हात घालून वरचा अंक ओढला.

"तो नको," हे म्हणाले. "कालचा आहे. पंगतीमुळे वाचायचा राहिलाय."

"मग खालचा काढते."

"मधला काढलास तर क्रम जाईल."

मी कालचाच काढला आणि तारीख पुकारली. मोठ्याने, शेजारणीला ऐकू जाईल इतक्या.